वॉलेट बिघडलेलं नाही, पत्ता वाटेत बदलतोय

‘तुमच्याकडून घेतलेलं वॉलेट परत घ्या, ते आपोआप पत्ता बदलतंय.’ असा फोन आम्हाला वरचेवर येतो. समोरचा माणूस चिडलेला असतो आणि त्याचं चिडणं रास्तही असतं, कारण पैसे गेलेले असतात किंवा जाता जाता वाचलेले असतात. पण ही तक्रार घेऊन परत आलेलं एकही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांच्या गुप्त चाव्या सांभाळणारं छोटं उपकरण, तपासणीत बिघडलेलं निघालं नाही. दोष दर वेळी संगणकात सापडला. उपकरण बदलून घेण्यात तुमचे चार दिवस जातात आणि नवं उपकरण पुन्हा त्याच संगणकाला जोडलं जातं. म्हणून हे पत्रक आधी वाचा.

तुम्ही पत्ता, म्हणजे नाणी ज्या वॉलेटला पाठवायची त्याची अक्षर-अंकांची लांब ओळ, कॉपी करता तेव्हा तो क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या कप्प्यात जातो. या कप्प्याला कुलूप नसतं. विंडोजवर चालू असलेला जवळजवळ कुठलाही प्रोग्राम त्यात डोकावू शकतो आणि आतला मजकूर बदलूही शकतो. ‘क्लिपर’ जातीचं मालवेअर, म्हणजे चोरून घुसलेला घातक प्रोग्राम, नेमकं हेच करतं. कप्प्यात नवा मजकूर आला की तो एखाद्या नाण्याच्या पत्त्यासारखा दिसतो का, हे ते पाहतं. झीरो-एक्सने सुरू होऊन पुढे ४० अक्षरं असली तर इथेरियमचा, बीसी-वनने सुरू झाला तर बिटकॉइनचा, ‘टी’ने सुरू होऊन एकूण ३४ अक्षरं भरली तर ट्रॉनचा. ओळख पटली की तुमचा पत्ता काढून चोराचा ठेवला जातो. संगणक मंदावत नाही, कुठलीही खिडकी उघडत नाही. तुम्ही पेस्ट करता आणि पत्त्यासारखाच पत्ता उमटतो.

हा प्रकार नवा नाही. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये ‘क्रिप्टोशफलर’ हा क्लिपर उघडकीला आणला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ईसेट या दुसऱ्या सुरक्षा कंपनीला थेट गूगल प्ले स्टोअरवर क्लिपर सापडला, मेटामास्क या वॉलेटचं सोंग घेतलेला. फोनवर पुढे बंदोबस्त वाढला. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या साध्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. संगणकावर मात्र दार उघडंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संगणकांत ही कीड फुकटात मिळवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर आलेली असते.

जुळवायचं कशाशी?

सगळं अडतं ते इथे. हार्डवेअर वॉलेट घेणारे लोक मुळात काळजी घेणारे असतात, तरीही फसतात. एका ग्राहकाने आमच्यासमोर बसून आपण काय केलं ते करून दाखवलं. मित्राचा पत्ता ईमेलमधून कॉपी केला, वॉलेटच्या ॲपमध्ये पेस्ट केला. उपकरणाच्या छोट्या पडद्यावर पत्ता आला. मग त्यांनी उपकरण संगणकाच्या पडद्याशेजारी धरलं आणि बोट ठेवत ४२च्या ४२ अक्षरं ॲपमधल्या पत्त्याशी ताडून पाहिली. सगळी जुळली. बटण दाबलं. पैसे चोराकडे.

अक्षरं जुळणारच होती. पत्ता पेस्ट व्हायच्या आधीच बदलला होता, ॲपला चोराचा पत्ता मिळाला आणि ॲपने तोच उपकरणाला दिला. दोन्हीकडे एकच चुकीचा पत्ता होता. उपकरणाने खरं तेच दाखवलं, पैसे कुठे निघालेत ते. फक्त ते मूळ पत्त्याशी ताडून पाहिलं गेलं नाही.

तेव्हा उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता जुळवायचा तो जिथून कॉपी केला त्या मूळ संदेशाशी, ॲपच्या चौकटीतल्या पत्त्याशी नव्हे. मूळ संदेश त्याच संगणकावर असेल तर तो फोनवर उघडा आणि उपकरण फोनशेजारी धरा. रक्कम मोठी असेल तर घेणाऱ्याला फोन लावा आणि त्याच्याच पडद्यावरून पत्ता वाचून घ्या. त्याने पत्ता पाठवताना कॉपी-पेस्ट केला होता, आणि कीड त्याच्या संगणकातही असू शकते. तुम्हाला पैसे घ्यायचे असतील तेव्हाही हेच: पत्ता उपकरणाच्या पडद्यावर उघडा आणि पाठवलेल्या ईमेलमध्ये तोच गेलाय ना, ते फोनवरून बघा.

‘पहिली चार, शेवटची चार’ पुरत नाहीत

ही सवय फार पसरली आहे आणि ती मोडायला आम्हाला सर्वात जास्त वेळ लागतो. सध्याच्या बहुतेक बिटकॉइन वॉलेटचे पत्ते बीसी-वन-क्यूने सुरू होतात. म्हणजे पहिली चार अक्षरं तुमच्या पत्त्याचीही तीच आणि चोराच्याही पत्त्याची तीच. ती जुळली म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

इथेरियममध्ये झीरो-एक्स सोडून पहिली चार आणि शेवटची चार जुळणारा पत्ता तयार करायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आकडा ऐकून धीर येतो, पण एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही सेकंदांचं काम आहे. २०२२ मध्ये समोर आलेला ‘लाप्लास’ हा क्लिपर तर तुमच्या पत्त्याशी मिळताजुळता पत्ता आपल्या सर्व्हरकडून मागवून घ्यायचा. आता मधली कुठलीही सहा अक्षरंही जुळवायची म्हटलं तर हेच काम १ कोटी ६७ लाख पटींनी वाढतं. शिवाय तुम्ही कुठली सहा पाहणार, हे चोराला ठाऊक नसतं. संपूर्ण पत्ता वाचलात तर उत्तमच. पण कंटाळा आला तरी मधली सहा सोडू नका.

आमच्याकडून उपकरण घेताना आम्ही तुम्हाला समोर बसवून पत्त्यामधली अक्षरं मोठ्याने वाचायला लावतो. काहींना हे शाळेसारखं वाटतं, काही जण ‘पेटी द्या, घरी बघतो’ म्हणतात. आम्ही तरीही आग्रह धरतो. त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही आणि पुढे कधी विसरलात तर व्हिडिओ कॉलवर पुन्हा करून घेतो.

ॲपमधल्या हिरव्या ‘पत्ता वैध आहे’ या खुणेबद्दलही वारंवार विचारलं जातं. ती खूण टायपिंगची चूक पकडण्यासाठी आहे. चोराचा पत्ताही वैधच असतो.

आधी थोडी रक्कम पाठवून पाहणं चांगलंच. ती पोचल्याचं घेणाऱ्याकडून कळल्यावर उरलेली पाठवा, पण दुसऱ्या वेळीही उपकरणाचा पडदा वाचा. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. तिथे वेगळीच टोळी टपलेली असते: तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा पत्ता बनवून त्यावरून एक नगण्य व्यवहार करतात, म्हणजे तो यादीत दिसावा. मे २०२४ मध्ये एकाने अशाच पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्याच मोलाचं, इथेरियमवर चालणारं नाणं) पाठवले, म्हणजे जवळपास ७ कोटी डॉलर. नेहमीचे पत्ते एकदा नीट पडताळून ॲपच्या पत्तावहीत नावाने साठवा.

संशय आला तर

पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वेगळा उमटला तर कीड आहेच. तोच उमटला तर मात्र संगणक स्वच्छ आहे असं समजू नका. काही क्लिपर ठरावीक नाण्यांचेच पत्ते बदलतात. संगणक नेटपासून तोडा आणि घाईने फॉर्मॅट न करता आमच्याकडे आणा. फॉर्मॅट केल्यावर कीड कुठून आली होती ते सांगता येत नाही, आणि तीच फाइल तुमच्या पेनड्राइव्हवरून पुन्हा आत येते. आम्ही नुसतं स्कॅन करून संगणक परत देत नाही. कामाच्या फाइली तपासून बाजूला काढतो आणि सिस्टीम नव्याने टाकतो. दोन दिवस लागतात.

सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट पुन्हा उभं करून देणारी गुप्त शब्दांची यादी, त्या संगणकावर कधीही टाइप केली असेल, तर दुसऱ्या स्वच्छ उपकरणावर नवं वॉलेट तयार करून पैसे तिथे हलवा. हे संगणक आणण्याच्याही आधी.

गेलेले पैसे आम्ही परत आणू शकत नाही. पुष्टी झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही. ‘शुल्क भरा, पैसे परत मिळवून देतो’ असं जो म्हणेल त्याला एक पैसाही देऊ नका. व्यवहार क्रमांक आणि चोराचा पत्ता जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. पैसे एखाद्या एक्स्चेंजकडे (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे) गेलेले दिसले तर त्यांनाही लगेच कळवा. तक्रारीत लिहायचा तांत्रिक तपशील हवा असेल तर संगणक तपासून तो आम्ही लेखी देतो.