घराखाली खांब की बोगदा?

26 ऑगस्ट 2022. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं. भिंतीला भेग पडली, ओटा खचला, एवढ्यावर भागलं नाही. अख्खं घर छपरासकट खड्ड्यात गडप झालं. हादरा जाणवून घरातली माणसं आधीच बाहेर पडली, म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली.

त्या वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण आहे, कधीच बंद झालेली. खाण बंद होते म्हणजे पंप थांबतात, कामगार जातात, तोंड बुजवलं जातं. कोळसा काढल्याने झालेली पोकळी मात्र खाली तशीच राहते.

भूमिगत खाणीत सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. आडवे-उभे बोगदे खणत जातात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखतात. वरचं छत त्यांच्यावर तोललेलं असतं. पुढे बऱ्याच ठिकाणी हे खांबही काढतात आणि रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून भरण करतात. जिथे हे भरण झालं नाही किंवा अर्धवट राहिलं, तिथे सगळा भार उरलेल्या खांबांवर येतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यांचे पापुद्रे सुटत जातात. एक दिवस छताचा एक थर कोसळतो, मग त्याच्या वरचा.

ही पडझड कुठवर चढेल, ते खाणीच्या खोलीवर ठरतं. पडलेली भिंत आठवा. विटामातीचा ढीग भिंतीपेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो. फुटलेल्या खडकाचंही तसंच. खाण खोल असेल, तर पोकळी स्वतःच्याच राडारोड्याने भरून जाते आणि पडझड मधेच थांबते. खाण उथळ असेल, तर भरण्याआधीच पोकळी वरच्या मातीला येऊन भिडते. त्यातून पावसाळा असला, तर ती माती पाणी पिऊन जड आणि भुसभुशीत झालेली असते. अशी जमीन सावकाश खचत नाही, एकदम विहिरीसारखी उघडते.

आता चंद्रपूर-वणी पट्ट्यात बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तिथे घर गिळलं जात नाही, पण विहीर आटते. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली जातो, चहूबाजूंचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं आणि पंप ते अहोरात्र बाहेर फेकत राहतात. विहिरीच्या मालकाने खाणीला एक वावर दिलेलं नसतं, तरी पाणी त्याचंच जातं. हा माणूस प्रकल्पग्रस्तांच्या यादीत बसत नाही आणि मला हा अन्याय सगळ्यात मोठा वाटतो.

धुळीचंही असंच. वेचणीच्या दिवसांत कोळशाच्या रस्त्यालगतच्या शेतात कापसाचं बोंड हातात घेऊन बघा. वरून राखाडी, बोटाला काळं लागतं, बाजारात भाव पडतो. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात अडते तरी. 2.5 मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कोळशावरचा वालुकाश्म ड्रिलिंग-ब्लास्टिंगमध्ये फुटतो तेव्हा त्यातली सिलिकाही हवेत मिसळते. हे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात आणि तिथे कायमचा व्रण राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांमध्ये चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथं होतं. त्यात औष्णिक वीज आणि सिमेंटचाही वाटा आहे, पण वीजही कोळशाचीच.

पोकळीवर उपाय नाही असं नाही. जमिनीला भोक पाडून खाली वाळू किंवा औष्णिक केंद्राची राख पाण्याबरोबर सोडता येते. त्यासाठी आधी पोकळी नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. बंद खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करावा लागतो. राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणींचे नकाशे बरेचदा अपुरे असतात, पण जे आहेत ते गावाला दाखवायला काय हरकत आहे? गावठाणाच्या नकाशावर बोगद्यांचा नकाशा ठेवून तो चावडीवर लावा. आपलं स्वयंपाकघर खांबावर आहे की बोगद्यावर, हे तिथे राहणाऱ्या बाईला आज कुणीही सांगत नाही.