दुसऱ्या फ्लॅशचे उत्तर लहान का? : पार्श्वभूमी

प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या काही प्रथिनांवर लागोपाठ दोन फ्लॅश टाकले, तर दुसऱ्या फ्लॅशला मिळणारा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लहान असतो; तो का, याची ही पार्श्वभूमी. मिठागरांतील दाट खाऱ्या पाण्याला लालसर छटा आणणाऱ्या सूक्ष्मजीवांपैकी हॅलोबॅक्टेरियम हा एक. भोवतीचे मीठ काढून घेतले की त्याचे पेशीपटल विस्कटते, पण काही जांभळे तुकडे शाबूत राहतात. सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्टर स्टोकेनियस यांच्या प्रयोगशाळेत म्युनिकहून आलेल्या डीटर ओस्टरहेल्ट यांनी या तुकड्यांचा अभ्यास केला. त्यांचा रंग रेटिनलचा, म्हणजे आपल्या डोळ्यांतील दृष्टिद्रव्यात असणाऱ्या संयुगाचाच आहे, हा निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाला. जिवाणूसारख्या पेशीला ‘डोळ्या’चे द्रव्य कशाला हवे, हा प्रश्न त्या काळी विचित्रच वाटला असणार.

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे हे प्रथिन प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते, हे लवकरच स्पष्ट झाले. एका क्षणिक फ्लॅशनंतर ५६८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारे त्याचे मूळ रूप अनेक मध्यस्थ अवस्थांतून जाऊन सुमारे १० मिलिसेकंदांत परत येते. त्यांपैकी ‘एम’ ही अवस्था पिवळी असून तिचे शोषण ४१२ नॅनोमीटरच्या आसपास असते. हे बदल इतके पुसट असतात की फ्लॅश पुनःपुन्हा देऊन नोंदींची सरासरी काढावी लागते. मात्र चक्र पुरे होण्याआधीच निळा प्रकाश ‘एम’वर पडला, तर रेणू आडवाटेने मूळ रूपात परततो आणि प्रोटॉन ढकलण्याचे काम वाया जाते. दोन फ्लॅशमधील अंतराचा प्रश्न तांत्रिक अडचण म्हणून पुढे आला खरा, पण प्रथिनाला आधीचा प्रकाश काही काळ ‘आठवतो’, याची ही खूण अधिक मोलाची होती.

हरित शैवाल क्लॅमिडोमोनासमधील चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ या प्रथिनावर (प्रकाश पडताच उघडून विद्युत्भारित कण आरपार जाऊ देणारे पेशीपटलातील द्वार) गेऑर्ग नागेल, पेटर हेगेमान, एर्न्स्ट बाम्बेर्ग आणि सहकाऱ्यांचे काम २००३ साली आले, तेव्हा ही आठवण विद्युत्प्रवाहाच्या आलेखात उघड दिसू लागली. निळा प्रकाश पडताच प्रवाह झपाट्याने शिखर गाठतो, मग उतरून खालच्या पातळीवर स्थिरावतो. दिवा थोडा वेळ विझवून पुन्हा लावला, तर स्थिर पातळी जवळपास तीच राहते, पण शिखर खुजे होते आणि ते पूर्ववत होण्यास काही सेकंदांचा अंधार लागतो. याचे कारण असे की काही रेणू मूळ अवस्थेऐवजी कमी प्रतिसाद देणाऱ्या बंद अवस्थेत अडकलेले असतात.

२००५ साली हेच प्रथिन मेंदूपेशींत घालून त्यांना प्रकाशाने चेतवता येऊ लागले आणि हा खुजेपणा व्यवहारात खटकू लागला. २०१० मध्ये एकच अमिनो आम्ल बदलून तयार केलेल्या ‘चीटा’ प्रकारात द्वार अधिक वेगाने मिटते, त्यामुळे वेगवान मेंदूपेशी सेकंदाला २०० फ्लॅशपर्यंत साथ देतात. मोबदल्यात प्रवाह मात्र काहीसा घटतो.