दिवाळी सरकली, तर क्रीमची डबीही सरकते का?

ऑक्टोबर सरत आला की साताऱ्यात मोती चौकाच्या आसपासच्या दुकानांत काउंटरवरचा माल बदलतो. घामोळ्याची पावडर मागच्या फळीवर जाते. उटण्याच्या पुड्या, मोती साबण, कोल्ड क्रीम, पेट्रोलियम जेलीच्या डब्या पुढे येतात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल, "सीझन आहे." पण कुठला? हवेत गारवा यायला लागतो, दिवाळी तोंडावर असते, आणि कुणाच्या हातात बोनस तर कुणाच्या खात्यात ऊसबिलाचा हप्ता पडलेला असतो. क्रीम नेमकं कशामुळे खपलं, हे एका वर्षाच्या विक्रीवरून सांगताच येत नाही.

म्हणून ग्राहकांच्या सवयी अभ्यासणारे लोक तीच ती कुटुंबं वर्षानुवर्षं धरून ठेवतात. याला पॅनेल म्हणतात. आपल्याकडे तर या कामात पंचांगाचीच मदत होते. 2022 मध्ये पहिली आंघोळ 24 ऑक्टोबरला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ती 12 नोव्हेंबरला गेली. म्हणजे दिवाळी 19 दिवस पुढे सरकली. थंडी काही पंचांग बघून येत नाही. आता त्याच घरातली क्रीमची खरेदी दिवाळीबरोबर सरकली, तर ती सणाची खरेदी. पारा उतरला तेव्हाच झाली, तर ती त्वचेची गरज. उटणं आणि मोती साबण दिवाळीमागे जाणार हे सांगायला संशोधक नको. प्रश्न क्रीमचा आहे. पैशाचा गुंता मात्र याने सुटत नाही, कारण बोनस आणि हप्ताही दिवाळीच्याच सुमाराला येतात. त्यासाठी ऊस लावणारी घरं आणि महिन्याच्या पगारावर चालणारी घरं शेजारीशेजारी ठेवून पाहावी लागतात.

त्वचेची गरज म्हणजे तरी काय? कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो. वहीचा कागद याच्या कितीतरी पट जाड. या पेशींमधल्या फटी सिरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी आम्लं अशा स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात आणि हे पदार्थ आतलं पाणी अडवून धरतात. आता हवेकडे पाहा. 30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 12 अंशांची जेमतेम 11. थंडीतल्या हवेत मुळात बाष्पच थोडं, आणि ती कोमट त्वचेला लागून तापली की आणखी कोरडी होऊन पाणी ओढू लागते. त्यात 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की हिवाळ्यात या थरातले स्निग्ध पदार्थच कमी होतात. हवा कोरडी आणि बांधही कच्चा. अंग उलतं ते यामुळे.

पण खरेदी म्हणजे वापर नव्हे. दिवाळीत आणलेली डबी डिसेंबरात उघडली जाते आणि होळीपर्यंत पुरते. म्हणून काही अभ्यासांत डबी देताना तिचं वजन करतात आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा करतात. इथे आपली घरं संशोधकाला चांगलंच दमवतात. डबी एकच असते. आजी टाचांच्या भेगांना लावते, सून भांडी घासून झाल्यावर हातांना, आणि शाळेला निघालेलं पोर फुटलेल्या ओठांना. घटलेलं वजन कुणाच्या नावावर मांडायचं? मग प्रत्येकाला रोजची नोंद ठेवायला सांगायची. ती पहिले काही दिवस नीट होते, पुढे आठवड्याची एकदम, आठवेल तशी भरली जाते. तरीही मे महिन्यात "थंडीत किती वेळा लावता?" असं विचारण्यापेक्षा ती बरी, कारण त्या प्रश्नाला बहुतेक जण "रोज" म्हणून मोकळे होतात.

खोबरेल तेलाची गंमत तर वेगळीच. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. साताऱ्यात जानेवारीच्या सकाळी बारीक तोंडाच्या बाटलीतून थेंब बाहेर येत नाही. बाटली उन्हात ठेवा, नाहीतर गरम पाण्यात बुडवा. कामाच्या घाईत एवढा वेळ कुणाला असतो? दर जानेवारीत तेलाचा वापर घटलेला दिसला, तर लोकांची आवड बदलली असं लिहिण्याआधी बाटलीचं तोंड बघावं, असं माझं मत आहे.

आणि सातारा जिल्ह्यात पावसाळा सगळीकडे सारखाच असतो असं धरलं तर सगळंच फसेल. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण तालुक्यात 500 च्या आसपास. जुलैत जावळी-पाटणकडे भातलावणीच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथे बुरशीवरची पावडर आणि मलम लागतं. त्याच वेळी माणमधल्या दहिवडीकडे कोरडा वारा सुटलेला असतो. दोन्हींची सरासरी कुणाच्याच पायांना लागू पडत नाही. त्यामुळे कुटुंबं तालुकावार निवडावी लागतात. माण-खटावमधली काही घरं मधेच पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, तर त्यांची जागा महाबळेश्वरच्या घरांनी भरून चालत नाही.