सिकलसेल असताना स्वतःचा उद्योग: दिव्यांग दाखला आणि पीएमईजीपी कर्जाचा अर्ज

डिसेंबरची थंडी पडली की माझ्या गुडघ्यांत आणि पाठीत कळा सुरू होतात. ज्या दिवशी उठवत नाही, त्या दिवशी सासूबाई म्हणतात, "राहू दे व बाई," आणि स्वतः पीठ कुटायला बसतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, आमच्या गावात मी उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करून विकते. सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्माचा आहे, उद्योग कर्ज काढून उभा केला. तळोदा, धडगावकडच्या सिकलसेलच्या मुली भेटल्या की विचारतात, "ताई, आजारी माणसाला कर्ज देतात का?"

देतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणारी योजना. तिच्या पात्रतेत आजार नसल्याची अट कुठेही नाही. वय 18 पूर्ण हवं, उद्योग नवा हवा, आणि नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. सेवा उद्योग 5 लाखांच्या वर किंवा उत्पादन उद्योग 10 लाखांच्या वर असेल तरच आठवी पास लागतं.

आता दिव्यांग दाखल्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आहेत. मधुमेह, बीपी, किडनी निकामी होणं हे त्या यादीत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला नुसत्या त्या आजारावर दिव्यांग दाखला मिळत नाही, हे मला फार लागतं, पण आजचा कायदा असा आहे. मधुमेहाने दृष्टी गेली किंवा पाय कापावा लागला तर त्या व्यंगाची तपासणी होते. सिकलसेलमध्येही वाहकाला दाखला नाही, फक्त ग्रस्ताला. म्हणून आधी आपल्या रिपोर्टवर एएस (वाहक) लिहिलंय की एसएस (ग्रस्त), ते बघा.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. आधार, फोटो, आजाराचा प्रकार आणि कोणत्या रुग्णालयात तपासणी हवी ते भरायचं. मी पहिल्यांदा गेले ती गावातल्या शिबिराचा रिपोर्ट घेऊन. तो प्राथमिक चाचणीचा होता, म्हणून मला परत पाठवलं. एक दिवसाचं काम बुडालं, गाडीभाडं गेलं, आणि परतीच्या प्रवासात पाय सुजले ते वेगळंच. तुम्ही एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, या आजार पक्का करणाऱ्या रक्तचाचणीचा रिपोर्ट घेऊनच जा. सोबत आजवरची डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून ठेवा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त लागलं तरच बहुतेक योजना उघडतात. कार्ड 40 च्या आत पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, त्यापुढे निळं. टक्केवारी चुकीची वाटली तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. दाखला तात्पुरता असेल तर मुदत संपण्याआधी नूतनीकरणाला लागा.

माझी खरी चूक पुढे झाली. दाखला हातात येईपर्यंत मी कर्जाचा अर्ज चार महिने अडवून ठेवला. त्याची गरजच नव्हती. पीएमईजीपीत ज्यांना जास्त अनुदान मिळतं तो विशेष प्रवर्ग म्हणजे फक्त दिव्यांग नव्हे. महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक हेही त्यात येतात, आणि नंदुरबार हा केंद्राच्या यादीतला आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेला, जिल्हा असल्यामुळे इथले अर्जदारही. जळगाव किंवा धुळ्यातल्या खुल्या प्रवर्गातल्या, हिमोफिलिया असलेल्या तरुणाला मात्र दाखल्याने मोठा फरक पडतो. ग्रामीण भागात 4 लाखांच्या प्रकल्पाला सर्वसाधारण प्रवर्गात स्वतःचे 40 हजार घालावे लागतात आणि अनुदान 25 टक्के, म्हणजे 1 लाख. विशेष प्रवर्गात स्वतःचे 20 हजार आणि अनुदान 35 टक्के, म्हणजे 1 लाख 40 हजार. शहरी भागात अनुदान अनुक्रमे 15 आणि 25 टक्के.

हे अनुदान हातात पडत नाही. ते 3 वर्षं बँकेत अडकून राहतं, आणि तोवर उद्योग चालू हवा. पाहणीला येतात. आपल्यासारख्यांनी याचा विचार सगळ्यात जास्त करायला हवा. इतरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट वर्षाला 300 दिवस काम धरून केलेले असतात. तसाच छापील रिपोर्ट करून देणाऱ्याकडून घेऊ नका. मी 240 दिवस धरले, डिसेंबर-जानेवारीचं उत्पादन निम्मं दाखवलं, आणि एका मदतनीस बाईची मजुरी खर्चात टाकली. बिबड्यांचा घाटा (शिजवलेलं पीठ) उन्हाळ्यात चुलीवर ढवळायचा तर अंगातलं पाणी आटतं आणि दुखणं उठतं, म्हणून ते काम तिचं, पापड लाटणं आणि हिशेब माझा. घाटा ढवळायचं यंत्रही यंत्रसामग्रीत घातलं. बँकेच्या साहेबांनी विचारलं, उत्पादन इतकं कमी का? मी फाइल समोर ठेवली. हप्ते त्या आकड्यांवरच बसले, म्हणून ते मला झेपतात. परतफेड सुरुवातीच्या सवलतीच्या काळानंतर 3 ते 7 वर्षांची असते. शक्य तेवढी लांब मागा. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कागद: आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, जातीचा किंवा दिव्यांग दाखला, ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. अर्ज ऑनलाइन. योजनेला मंजुरी 2025-26 पर्यंतची होती, म्हणून भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एकदा विचारा. तिथेच राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही माहिती मिळते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे. आधार-पॅनवर होते, कागद जोडावे लागत नाहीत. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यात दिव्यांग आहात का, हा रकाना असतो, तो भरा. खाण्याचा माल असेल तर अन्न परवान्याची नोंदणी वेगळी.

दाखला मिळाल्यावर ग्रामपंचायतीतही अर्ज द्या. स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मी साध्या कागदावर ग्रामसेवकांना अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठल्याच टेबलावरून उठू नका.