मॉर्मन उमेदवाराला मत द्याल का? छुपा पूर्वग्रह मोजण्याचं गणित

अमेरिकेतली गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था मतदारांना अनेक दशकं एक प्रश्न विचारत आली आहे. तुमच्या पक्षाने एखाद्या लायक व्यक्तीला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि ती व्यक्ती मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या त्या नावाच्या धार्मिक पंथाची, असली, तर तुम्ही तिला मत द्याल का? १९६७ साली १७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. तेव्हा मिशिगनचे गव्हर्नर, स्वतः मॉर्मन असलेले जॉर्ज रॉम्नी रिपब्लिकन उमेदवारीच्या तयारीत होते. २०१२ साली त्यांचे चिरंजीव मिट रॉम्नी खरोखरच उमेदवार झाले आणि ‘नाही’ म्हणणारे निघाले १८ टक्के. मध्ये, २००७ साली, हा आकडा २४ वर चढून पुन्हा उतरला होता. ४५ वर्षांचा हिशेब मांडला तर तो जागचा हललाच नाही.

याच प्रश्नात ‘मॉर्मन’च्या जागी ‘कृष्णवर्णीय’ घातलं, तर १९५८ साली फक्त ३८ टक्के लोक मत द्यायला तयार होते, २०१२ साली ९६ टक्के. ‘स्त्री’ घातलं, तर १९३७ साली ३३ टक्के आणि २०१२ साली ९५ टक्के. यावरून अनेक जण छातीठोकपणे सांगतात, की वंशाचा आणि लिंगाचा पूर्वग्रह जवळजवळ संपला, मॉर्मनांबद्दलचा तेवढा उरला. हा निष्कर्ष घाईचा आहे. मुलाखत घेणाऱ्याला तोंडावर दिलेल्या उत्तरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मनातला पूर्वग्रह, आणि तो बोलून दाखवायची लाज. स्त्रीला मत देणार नाही असं आज चारचौघांत म्हणणं अवघड झालं आहे. मॉर्मनाबद्दल तसं म्हणायला अमेरिकेत अजून फारसं कुणाला संकोच वाटत नाही. म्हणजे १८ टक्के आणि ५ टक्के हे आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत.

मॉर्मन कोण, हे थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ. स्मिथ १८४४ साली स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि त्याच प्रचाराच्या काळात इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांचा खून केला. पुढे ब्रिगहॅम यंग यांच्यामागून अनुयायी युटाकडे गेले. आज अमेरिकेच्या लोकसंख्येत ते दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ‘मॉर्मन म्हणजे अनेक बायका’ ही समजूत मात्र अजून चिवटपणे टिकून आहे. या चर्चने बहुपत्नीत्वाचा मार्ग १८९० च्या जाहीरनाम्याने सोडला, आणि ती प्रथा चालू ठेवणारे छोटे गट चर्चबाहेरचे आहेत. सव्वाशे वर्षं जुनी ही माहिती एका साध्या शोधात सापडते, तरीही गैरसमज फिरत राहतो याचं वाईट वाटतं.

आता मूळ मुद्दा. जी गोष्ट माणूस कबूल करणार नाही, ती मोजायची कशी? त्यासाठी समाजशास्त्रज्ञांनी ‘यादी-प्रयोग’ नावाची फार देखणी युक्ती काढली आहे.

समजा १००० मतदार घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे ५००-५०० चे दोन गट केले. पहिल्या गटाला तीन गोष्टींची यादी वाचून दाखवायची: पेट्रोलवरचा कर वाढणं, खेळाडूंना मिळणारे कोट्यवधींचे करार, कंपन्यांनी केलेलं प्रदूषण. मग सांगायचं, ‘यातल्या किती गोष्टींचा तुम्हाला राग येतो तेवढा आकडा सांगा. कोणत्या, ते सांगू नका.’ दुसऱ्या गटाला याच तीन गोष्टी, आणि चौथी: ‘मॉर्मन माणूस राष्ट्राध्यक्ष होणं’. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१० आली आणि दुसऱ्याची २.३५. गट चिठ्ठ्या टाकून केलेले असल्यामुळे पहिल्या तीन गोष्टींबद्दलचा राग दोन्हीकडे सारखाच असणार. मग जास्तीचा ०.२५ आला कुठून? चौथ्या गोष्टीतून. म्हणजे सुमारे २५ टक्के लोकांना मॉर्मन राष्ट्राध्यक्ष खटकतो. ते २५ टक्के कोण, हे कुणालाच कळत नाही. मुलाखत घेणाऱ्यालाही नाही. ‘दोन’ असं उत्तर देणाऱ्याच्या मनातल्या दोन गोष्टी कोणत्या, हे त्याचं त्यालाच माहीत. एकाही माणसाने कबुली दिलेली नसताना समूहाचा आकडा मात्र हातात येतो.

१९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका सर्वेक्षणात ‘शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येणं’ ही चौथी गोष्ट होती. दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांमध्ये तीन गोष्टींची सरासरी १.९५ आणि चार गोष्टींची २.३७ आली. फरक ०.४२, म्हणजे ४२ टक्के. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात याच पद्धतीने विचारल्यावर ‘स्त्री राष्ट्राध्यक्ष’ या कल्पनेने २६ टक्के लोक अस्वस्थ होतात असं दिसलं. थेट प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे याहून कितीतरी कमी असतात.

ही युक्ती फुकट मिळत नाही. १००० जणांना थेट प्रश्न विचारला आणि २० टक्के ‘नाही’ आले, तर चूक अडीच टक्क्यांच्या आतबाहेर राहते. यादी-प्रयोगात आपण दोन सरासऱ्यांची वजाबाकी करतो, आणि प्रत्येक सरासरी आपापला गोंगाट घेऊन येते. उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, ०.८५ धरलं, तर ५०० च्या दोन गटांत फरकाची प्रमाण त्रुटी √(२ × ०.८५² ÷ ५००), म्हणजे ०.०५४ येते. ९५ टक्के खात्रीसाठी ती १.९६ ने गुणायची: चूक साडेदहा टक्क्यांच्या आतबाहेर. ‘२५ टक्के’ या उत्तराचा अर्थ १४ ते ३६ मधलं काहीही. थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी असेल तर १००० ऐवजी १८ हजार लोक गाठावे लागतात.

म्हणून अनुभवी मंडळी साध्या गोष्टींची निवड फार जपून करतात. एकीचा राग येणाऱ्याला दुसरीचा सहसा येत नाही, अशी जोडी यादीत घालतात. पेट्रोलवरचा कर आणि प्रदूषण ही त्यातल्या त्यात बरी जोडी. मग बहुतेकांचा आकडा मध्यावर गोळा होतो आणि विचलन उतरतं. ते ०.६ पर्यंत आणलं तर चूक साडेदहावरून साडेसात टक्क्यांवर येते. या जोडीचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. ज्याला चारही गोष्टींचा राग येतो त्याने ‘चार’ म्हटलं की त्याचं गुपित फुटतं, म्हणून तो ‘तीन’ म्हणतो आणि मोजणी कमी भरते. परस्परविरोधी जोडी असली की चार म्हणायची वेळच क्वचित येते.

दुसरा धोका: चौथी गोष्ट ऐकून पहिल्या तिन्हींबद्दलचं मत बदलणं. धर्माचा विषय निघाल्यावर पेट्रोलचा कर क्षुल्लक वाटू लागला, तर वजाबाकीचा पायाच हलतो. हे तपासता येतं. यादीत गोष्ट वाढवल्याने कुणाचाही आकडा कमी व्हायला नको. तेव्हा ‘शून्य’ म्हणणारे, ‘शून्य किंवा एक’ म्हणणारे, अशी टक्केवारी क्रमाने मांडायची. प्रत्येक पायरीवर चार गोष्टींच्या गटातली टक्केवारी तीन गोष्टींच्या गटाहून कमी किंवा तेवढीच हवी. तसंच कुणाचा आकडा एकापेक्षा जास्त वाढायला नको. म्हणून तीनच्या गटातले ‘एकपर्यंत’ म्हणणारे हे चारच्या गटातल्या ‘दोनपर्यंत’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. योगायोगाच्या मर्यादेपलीकडे यातलं काही बिघडलं, तर तो प्रयोग बाजूला ठेवायचा. ब्लेअर आणि इमाई यांनी २०१२ साली या तपासणीला काटेकोर संख्याशास्त्रीय रूप दिलं.

बेन्सन, मेरोला आणि गीअर या राज्यशास्त्रज्ञांनी २००८ च्या निवडणुकीबद्दल लिहिताना दाखवलं, की मॉर्मनांविरुद्धचा पूर्वग्रह स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांच्याविरुद्धच्या पूर्वग्रहाहून तीव्र होता. त्याचं कारण त्यांनी याच लाजेशी जोडलं: मॉर्मनांना राखणारा सामाजिक संकेत अजून तयार झालेला नाही. ओळख कितपत आहे यानेही फरक पडतो. कॅम्पबेल, ग्रीन आणि मॉन्सन यांच्या प्रयोगांत रॉम्नी मॉर्मन असल्याचं कळल्यावर मतदार सावध होत. ज्यांचे मॉर्मनांशी जवळचे, टिकून राहिलेले संबंध होते, त्यांच्यावर हा परिणाम कमी दिसला. नुसती तोंडओळख पुरेशी नव्हती.

थेट प्रश्नात आणखी एक भेसळ असते, पक्षाची. २०११ साली डेमोक्रॅटांपैकी २७ टक्के ‘नाही’ म्हणाले, रिपब्लिकनांपैकी १८. प्रश्न ‘तुमच्या पक्षाचा मॉर्मन उमेदवार’ असा होता, पण अनेकांनी तो रॉम्नींबद्दलचा समजून उत्तर दिलं असावं. आणि जून २०१२ मध्ये रॉम्नी मॉर्मन आहेत हे ५७ टक्के अमेरिकनांनाच माहीत होतं. उरलेल्यांच्या मनात पूर्वग्रह असला तरी तो रॉम्नींविरुद्ध चालणार कसा?

टीव्हीवरच्या पंडितांनी मात्र छुप्या मतदाराचा बागुलबुवा करून ठेवला आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय उमेदवार चाचण्यांत पुढे असूनही हरले, तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ‘लोक खोटं बोलताहेत’ हे पालुपद चालू आहे. २००८ साली ओबामांच्या बाबतीत तसं काही घडलं नाही. पूर्वग्रह असणं आणि मत बदलणं यांत मोठं अंतर असतं, ते मोजल्याशिवाय बोलू नये.

रॉम्नींच्या बाबतीत ते अंतर दिसतं. २०११ च्या प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी (बायबल काटेकोर मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांपैकी) ४७ टक्के म्हणाले होते, की मॉर्मन हे ख्रिस्तीच नव्हेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये एक्झिट पोलनुसार याच गटातल्या ७८ टक्के मतदारांनी रॉम्नींना मत दिलं, २००८ चे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्यापेक्षा चार टक्के जास्त. एकूण मतदारांत त्यांचा वाटाही दोन्ही वेळा २६ टक्के होता, म्हणजे ते मोठ्या संख्येने घरी बसले असंही दिसत नाही. समोर दुसरा पक्ष असला की धर्म मागे पडतो. त्याला वाव मिळतो तो पक्षांतर्गत लढतीत, जिथे सगळेच उमेदवार एका पक्षाचे असतात. २००८ साली आयोवात बाप्टिस्ट धर्मोपदेशक राहिलेल्या माइक हकबींनी रॉम्नींना मागे टाकलं. २०१२ साली तिथेच रिक सँटोरम यांनी ३४ मतांनी, आणि साउथ कॅरोलिनात न्यूट गिंग्रिच यांनी. सँटोरम आणि गिंग्रिच दोघेही कॅथलिक. १९६० साली कॅथलिक असलेले केनेडी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, तेव्हा कॅथलिक उमेदवाराला मत देणार नाही असं सांगणारे अमेरिकन २१ टक्के होते.