फुप्फुसाचे सूक्ष्मदर्शीय मापन

फुप्फुसाच्या पातळ कापांवरून सबंध फुप्फुसातील वायुकोशांची (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची) संख्या, वायुविनिमयाचे पृष्ठफळ, भित्तींची जाडी इत्यादी राशींचा अंदाज काढण्याच्या पद्धती. त्यांना आधार देणाऱ्या गणिती शाखेला स्टिरिऑलॉजी म्हणतात. फुप्फुसाच्या अभ्यासात ती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ एवाल्ड वाइबेल यांना जाते. मानवी फुप्फुसाच्या मापनावरील त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला.

काप घेतला की एक मिती गळते, ही मूळ अडचण. घनरूप भाग क्षेत्र म्हणून दिसतो, पृष्ठभाग रेषा म्हणून आणि केशवाहिनी ठिपक्यासारखी. संख्या तर कापात दिसतच नाही. मोठा वायुकोश पात्याखाली सापडण्याची शक्यता लहानापेक्षा जास्त असल्याने कापातील पोकळ्या नुसत्या मोजल्या, तर संख्येत आकारही मिसळतो.

घनफळासाठी प्रतिमेवर बिंदूंची जाळी ठेवतात आणि किती बिंदू ऊतीवर पडले ते मोजतात. काप यादृच्छिक असतील तर क्षेत्राचे प्रमाण हेच घनफळाचे प्रमाण असते, हे तत्त्व फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस यांनी १८४७ मध्ये खडकांसाठी मांडले होते. पृष्ठफळासाठी बिंदूंऐवजी रेषा वापरतात आणि भित्ती त्यांना किती वेळा छेदतात ते मोजतात. मोजणी इतकी साधी, की खरी कसोटी नमुना निवडण्यातच लागते. फुप्फुसाच्या प्रत्येक भागाला निवडले जाण्याची समान संधी हवी; ‘चांगला दिसणारा’ भाग उचलला की पुढचे सारे गणित वाया जाते.

संख्येचा प्रश्न १९८४ मध्ये मांडलेल्या ‘डायसेक्टर’ने सोडवला. ठरावीक अंतरावरचे दोन समांतर काप घेऊन, एकात दिसणारा पण दुसऱ्यात नसलेला कणच मोजायचा. मग आकाराचा प्रभाव उरत नाही. वायुकोश मात्र सुटे कण नाहीत, ते वायुकोश नलिकेत उघडतात. म्हणून त्यांच्या तोंडांच्या कडांचे जाळे धरून मोजणी करतात. २००४ मध्ये सहा मानवी फुप्फुसजोड्यांवर अशी मोजणी झाली, तेव्हा सरासरी ४८ कोटी वायुकोश आढळले. व्यक्तिगणिक आकडा सुमारे २७ कोटींपासून ७९ कोटींपर्यंत होता. त्याआधी पाठ्यपुस्तकांतून ३० कोटी हा आकडा सर्रास दिला जात असे.

फुप्फुस हा हवेने फुगणारा अवयव असल्याने त्याची तयारी वेगळी असते. श्वासनलिकेतून स्थिरीकारक (ऊती आहे तशी टिकवणारा) द्रव ठरावीक दाबाने, बहुधा २० ते २५ सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतक्या, आत सोडतात. त्यानंतर एकूण घनफळ मोजणे अत्यावश्यक. समजा, दोन फुप्फुसांचे एकूण पृष्ठफळ सारखेच आहे, पण एक दुप्पट फुगवलेले आहे. दर घन सेंटिमीटरमागचे पृष्ठफळ त्यात निम्मे भरेल आणि भित्ती नष्ट झाल्याचा भास होईल. या चुकीला ‘संदर्भाचा सापळा’ म्हणतात. वातस्फीतीच्या (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होणाऱ्या विकाराच्या) अभ्यासात लोकप्रिय असलेली ‘सरासरी रेषीय अंतरा’ची (रेषेवर मोजलेल्या, दोन भित्तींमधल्या सरासरी अंतराची) राशी याच सापळ्यात वारंवार अडकते: ती हवेचे घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराची चौपट असते, वायुकोशाचा व्यास नव्हे. तरीही ती तशी वाचली जाते. काप घेण्यासाठी पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊती आक्रसतात, तो दोष निराळाच. अमेरिकी थोरॅसिक सोसायटी आणि युरोपीय रेस्पिरेटरी सोसायटी यांनी २०१० मध्ये संयुक्त निवेदनातून या मापनाचे दंडक मांडले.

पृष्ठफळाचा आकडा भिंगाच्या शक्तीवरही ठरतो. प्रकाश सूक्ष्मदर्शकाने प्रौढ माणसात ते सुमारे ८० चौ. मी. भरले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने भित्तींचे बारीक उंचवटेही टिपले, तेव्हा सुमारे १४० चौ. मी. हवा आणि रक्त यांमधल्या पडद्याची जाडी सांगतानाही अशीच निवड करावी लागते. साधी सरासरी सुमारे २ मायक्रोमीटर येते, तर हरात्मक सरासरी (पातळ जागांना अधिक वजन देणारी) सुमारे ०.६. ऑक्सिजनच्या विसरणाचा विचार असेल तेव्हा दुसरी वापरतात, कारण तो मुख्यतः पातळ जागांतूनच पार होतो.