सोयाबीनच्या खालच्या शेंगा वावरातच का राहतात?

निफाड, येवला, सिन्नरकडे हार्वेस्टरचं आता कुणाला नवल नाही. पण गव्हात चोख चालणारं हे यंत्र ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीला घातलं, की मागे धसकटांना शेंगा तशाच लटकलेल्या दिसतात. बोल लागतो मळणीच्या ड्रमला. खरी गळती बहुतेक वेळा पुढेच, हेडरपाशी झालेली असते. पीक कापून आत ओढणारा हा रुंद भाग जमिनीला किती समांतर आहे आणि जमिनीवर किती भार टाकतोय, यावर सगळं ठरतं.

गव्हाची ओंबी गुडघ्याच्या वर असते. हेडर वीतभर उंचीवरून गेला, थोडा कलला, तरी दाणा हाती येतो. सोयाबीनची खालची शेंग मात्र अनेकदा जमिनीपासून चार-पाच बोटांवरच असते. 14 फुटी, म्हणजे सुमारे 4.2 मीटर रुंद हेडर फक्त 1 अंशाने कलला, तर दोन टोकांच्या उंचीत 7 सेंटिमीटरांचा फरक पडतो. एक टोक माती खरवडतं, दुसरं शेंगांच्या वरून जातं. एवढा कल लांबून नजरेतही भरत नाही, आणि तो यायला एका टायरात हवा कमी असणंही पुरतं.

दुसरी गोष्ट फ्लोट. हेडरचा सगळा भार जमिनीवर सोडला तर तो ढेकळं आणि माती लोटत नेईल. म्हणून फ्लोटची सोय असलेल्या यंत्रात बराचसा भार स्प्रिंग किंवा नायट्रोजन भरलेली हायड्रॉलिक टाकी पेलते, आणि उरलेल्या थोड्या भाराने हेडर जमिनीवरून घसरत जातो.

हा उरलेला भार किती असावा, यातलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. समजा, हेडर 1000 किलोचा आहे आणि स्प्रिंगांनी 900 किलो पेलले. भार 100 किलोचा उरला, पण वस्तुमान पूर्ण 1000 किलोच राहिलं! खाली ओढणारं बल दहावा हिस्सा, म्हणून खाली येण्याचं त्वरणही दहावा हिस्सा. ढेकळावरून 5 सेंटिमीटर उसळलेल्या हेडरला खाली टेकायला ढोबळमानाने 0.32 सेकंद लागतात. ताशी 4 किलोमीटर वेगाने तेवढ्यात यंत्र 35 सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. स्प्रिंग आणखी आवळून भार 30 किलोवर आणला, तर हेच अंतर 65 सेंटिमीटर होतं. तेवढ्या पट्ट्यातल्या शेंगा गेल्याच. फ्लोट फार हलका ठेवू नये तो यासाठी, आणि सोयाबीनमध्ये यंत्र सावकाश हाकावं तेही यासाठीच.

जुळवणी सपाट, टणक जागेवर करायची. आधी टायरची हवा. मग हेडर कापणीच्या उंचीवर आणून, इंजिन बंद करून, दोन्ही टोकं हाताने उचलून बघायची. जोर सारखाच लागला पाहिजे. त्यानंतर दोन्ही टोकांना पात्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. कल दिसला म्हणून एका बाजूची स्प्रिंग आवळून तो काढू नये. हेडर सरळ दिसेल, पण त्या बाजूचा फ्लोट बिघडेल. कल काढायचे बोल्ट वेगळे असतात. हेडरखाली हात घालायचा असेल तर आधी सुरक्षा टेकू लावायचाच. हायड्रॉलिकच्या नुसत्या दाबावर कधीही विसंबू नये.

फ्लोट नसलेला ताठ हेडर असेल, तर उंची लीव्हरवरच्या हाताने सांभाळावी लागते. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये तर ते फारच अवघड जातं. समांतरपणा मात्र तिथेही तपासता येतो.

जुळवणी बरोबर बसली का, हे वावरच सांगतं. चालता हार्वेस्टर थांबवून त्याच्या लांबीइतका मागे घ्यायचा. उभ्या पिकालगतच्या, मागचा भुसा न पडलेल्या पट्ट्यात 1 चौरस मीटर आखून खाली पडलेले आणि धसकटांवरच्या शेंगांतले दाणे मोजायचे. उभ्या पिकाखाली आधीच गळलेले दाणेही तसेच मोजून त्यातून वजा करायचे. 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर चौरस मीटरला 40 दाणे म्हणजे एकरी सुमारे 19 किलो सोयाबीन. एक मोजमाप हेडरच्या डाव्या टोकामागे घ्यावं, एक उजव्या. आकड्यांत मोठी तफावत आली, तर पुन्हा टेप काढून दोन्ही टोकांची उंची बघायची.